आई-वडिलांच्या लग्नाच्या जुन्या कॅसेटची अस्पष्ट क्लिप एआयने फोर-के करता येईल का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. आई-वडिलांच्या १९९४ च्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट होती, पुढे तिच्या व्हीसीडी झाल्या आणि त्यातली तीन मिनिटं मामेभावाने व्हॉट्सॲपवर पाठवली. त्यात आईचे वडील दिसतात, आणि त्यांचा दुसरा हलता-बोलता व्हिडिओ घरात कुणाकडेच नाही. ही क्लिप एआयने फोर-के करून आईला वाढदिवसाला दाखवायची आहे. यूट्यूबवर सव्वाशे वर्षांपूर्वीची रेल्वे लख्ख दिसते, मग तीस वर्षांपूर्वीचं लग्न का दिसणार नाही, हाही तुमचा प्रश्न आहे.

मी आधी लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग करायचो, आता बरीच वर्षं लोकांच्या जुन्या कॅसेटी डिजिटल करून देतो. व्हिडिओ सुधारतो, चांगला डोळ्यांत भरेल इतका सुधारतो. पण ती व्हॉट्सॲपची क्लिप कुठल्याही टूलमध्ये घालण्याआधी मामांना फोन करा आणि माळा, ट्रंक, दिवाणाखालचा खण सगळं बघायला सांगा. मूळ कॅसेट सापडली तर निम्मं काम तिथेच झालं म्हणून समजा.

आधी रेल्वेचं सांगतो, कारण त्या व्हिडिओमुळे फार लोकांची समजूत चुकली आहे. ती फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची, सिनेमाच्या अगदी सुरुवातीच्या काळातली फिल्म. त्यांच्या ज्या फिल्मा ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवल्या, त्यांतही रेल्वे स्टेशनात येते ती फिल्म होती. २०२० मध्ये एकाने ती एआयने फोर-के आणि सेकंदाला ६० फ्रेम करून यूट्यूबवर टाकली आणि ती जगभर फिरली. पण ती ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर घेतलेली आहे. फिल्मच्या प्रत्येक चौकटीत खरोखरच भरपूर तपशील असतो, चांगल्या स्कॅनरवर तो वर येतो. आपल्या कॅसेटवर तो तपशील शूटिंगच्या दिवशीच उतरलेला नाही. म्हणजे वय बघायचं नाही, कशावर उतरवलंय ते बघायचं.

आता तुमच्या आजोबांचा प्रवास बघा. व्हीएचएसची ताकद आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांची, आणि रंगाची तर त्याहून कितीतरी कमी. म्हणून त्या काळच्या व्हिडिओत शालूचा लाल रंग काठाबाहेर पसरलेला दिसतो. त्यात स्टुडिओवाला मिक्सिंग करून मास्टर कॅसेट बनवायचा आणि त्यावरून दोन्हीकडच्या मंडळींना कॉप्या द्यायचा, म्हणजे घरी आली ती मुळात कॉपी. तिची व्हीसीडी झाली तेव्हा चित्र ३५२ बाय २८८ वर आलं. उभ्या दिशेला ५७६ ओळी होत्या, त्यांतल्या निम्म्या गेल्या. शेवटी व्हॉट्सॲपने ते आणखी दाबलं. ह्यातल्या शेवटच्या दोन पायऱ्या कॅसेट मिळाली तर तुम्हाला मागे घेता येतात, त्याला एआय लागत नाही.

लग्न मुलीकडे झालं असेल तर कॅसेट मामांच्या घरी मिळण्याची शक्यता जास्त. मिळाली की लगेच व्हीसीआरमध्ये घालू नका. काचेतून आतल्या रिळाची कड बघा. पांढरट भुकटीसारखं दिसलं तर ती बुरशी आहे, आपल्याकडच्या पावसाळ्याची देणगी. तशीच चालवली तर व्हीसीआरचं हेड भरतं आणि टेप तुटूही शकते. आधी ती साफ करून घ्यायची. नवे व्हीसीआर आता कुठेच बनत नाहीत, जपानमधल्या शेवटच्या कंपनीनेही २०१६ मध्ये थांबवलं. त्यामुळे व्हीसीआर सर्व्हिसिंग करून नीट ठेवलेला माणूस शोधा आणि दोनशे-चारशे रुपये वाचवायला जाऊ नका.

त्याला तीन गोष्टी विचारा. व्हीसीआरला एस-व्हिडिओ आउटपुट आहे का? पिवळ्या पिनेच्या एका वायरीतून रंग आणि उजेड एकत्र होऊन येतात, एस-व्हिडिओत ते वेगळे राहतात. टाइम बेस करेक्टर (टीबीसी) आहे का? हे सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या टेपवर मांडवाचे सरळ खांब नागमोडी थरथरताना दिसतात. टीबीसी प्रत्येक ओळ जागेवर आणून बसवतो, तेच काम नंतर एआयकडून करून घेणं जवळजवळ अशक्य आहे. आणि तिसरं, फाइल कशी देणार? ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड (म्हणजे काय ते पुढे सांगतो), कमीत कमी दाबलेली मागा. डीव्ही फॉरमॅटमध्ये तासाला साधारण १३ जीबी होतात. तीन तासांच्या कॅसेटची एक जीबीची एमपीफोर हातात ठेवली तर ती परत करा आणि कच्चं कॅप्चर मागा.

कॅसेट नाहीच सापडली तर व्हीसीडी शोधा. कॉम्प्युटरवर उघडली की एमपीइजीएव्ही नावाच्या फोल्डरमध्ये डॅट फाइल असते. व्हीएलसी ह्या फुकट व्हिडिओ प्लेअरमध्ये ती बहुतेक वेळा सरळ चालते. सीडीवर ओरखडे असतील तर दोन-तीन वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, एकात अडकते ती दुसऱ्यात उघडते, हे मी अनेकदा बघितलंय.

आता एआय नेमकं काय करतं ते. ह्या मॉडेलांना शिकवताना लाखो स्पष्ट चित्रं घेतात, मुद्दाम खराब करतात आणि खराबावरून चांगलं ओळखायला लावतात. २०२१ चं रिअल-ईएसआरगॅन हे चित्र मोठं करणारं मॉडेल असंच शिकलेलं आहे, आणि आजची कितीतरी फुकट टूल्स आतून तेच वापरतात. म्हणजे गहाळ झालेला तपशील ते शोधून आणत नाही, तिथे काय असावं ह्याचा अंदाज भरतं. हिशोब करून बघा. ७२० बाय ५७६ चे होतात ४,१४,७२० पिक्सेल. त्याच चौकोनी आकाराचं फोर-के म्हणजे २८८० बाय २१६०, त्याचे होतात ६२,२०,८००. बरोबर पंधरा पट. पंधरातला एक पिक्सेल कॅमेऱ्याचा आणि चौदा अंदाजाचे. भिंत, साडीचे काठ, मांडवाच्या झालरी ह्यांच्या बाबतीत तो अंदाज छान लागतो. माणसाच्या चेहऱ्याच्या बाबतीत मात्र तो फसला तर माणूसच बदलतो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या एका मॉडेलला बराक ओबामांचा धूसर फोटो दिला, तर त्यातून गोऱ्या माणसाचा चेहरा बाहेर आला होता.

माझ्या घरचं सांगतो. माझ्या आत्याच्या लग्नाची कॅसेट मी अशीच सुधारायला घेतली होती. त्यात माझी आजी वऱ्हाडाला पानसुपारी देताना दिसते. चेहरा सुधारण्याचा पर्याय पूर्ण चढवला, रात्रभर मशीन चालू ठेवलं आणि सकाळी आईला दाखवलं. चित्र खरंच चकचकीत होतं. आई जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आईंच्या हनुवटीवरचं गोंदण कुठे गेलं?" तीन हिरवे ठिपके होते. मॉडेलने ते डाग समजून पुसून टाकले होते आणि सुरकुत्यांच्या जागी गुळगुळीत कातडी भरली होती. नथीचा तर एक पिवळसर गोळा झाला होता. बाई सुंदर दिसत होती, पण ती माझी आजी नव्हती. त्या दिवसापासून चेहऱ्याचा तो पर्याय मी बंद ठेवतो, फारच गरज पडली तर अगदी थोडा.

दुसरी खोड अक्षतांची. मंगलाष्टकं संपून 'सावधान' झालं की अक्षता हवेत उडतात, आणि कॅसेटवर त्या एकेका फ्रेमपुरत्या पांढऱ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. नॉइज, म्हणजे चित्रातले नको असलेले ठिपके, काढणाऱ्या मॉडेलला टेपवरचा पांढरा कचराही तसाच दिसतो. नॉइज रिडक्शन जास्त ठेवलं की सगळे हात वर जातात आणि अक्षताच नसतात! म्हणून तो प्रसंग मी वेगळा कापून जवळजवळ तसाच ठेवतो. सुरुवातीच्या 'शुभविवाह' वगैरे पाट्यांचंही तेच. देवनागरी अक्षरांच्या वेलांट्या आणि मात्रा ह्या मॉडेलांना उमगत नाहीत, अक्षरासारखं दिसणारं काहीतरी वेडंवाकडं तयार होतं. पाट्या मूळच्याच जोडा.

आता प्रत्यक्ष काम. पहिली पायरी डीइंटरलेसिंग, आणि नव्वद टक्के लोक हीच चुकवतात. कॅसेटवरची एक फ्रेम म्हणजे पन्नासाव्या सेकंदाच्या अंतराने टिपलेली दोन अर्धी चित्रं (ह्यांना फील्ड म्हणतात) एकमेकांत विणलेली असतात, हेच इंटरलेस्ड. ती सुटी करणं म्हणजे डीइंटरलेसिंग. म्हणून कुणी हात हलवला की कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात. हे न सोडवता थेट एआयला दिलं, तर ते त्या दातांनाच तपशील समजून आणखी धार लावतं. हायब्रिड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात क्यूटीजीएमसी ही डीइंटरलेसिंगची पद्धत निवडा आणि सेकंदाला ५० फ्रेम घ्या. फील्डचा क्रम उलटा लागला तर हालचाल पुढे-मागे हिसके देते. हार घालतानाचा हात एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा, मागे येत असेल तर क्रम बदला. तुमच्याकडे फक्त व्हीसीडी असेल तर ही पायरी बहुतेक लागणार नाही, कारण तिथे अर्धं चित्र आधीच टाकून दिलेलं असतं.

मग चित्राच्या तळाशी दोन-चार ओळी फाटल्यासारख्या हलत असतील त्या कापा. आणि कृपा करून चौकोनी चित्र आडवं ताणून टीव्हीभर करू नका. सगळे वऱ्हाडी जाड दिसतात, बाजूला काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्या.

त्यानंतर अपस्केलिंग, म्हणजे एआयने चित्र मोठं करणं. पैसे मोजायची तयारी असेल तर टोपाझ व्हिडिओ. त्यात जुन्या टेपांसाठी वेगवेगळी मॉडेलं आहेत आणि ती आजूबाजूच्या फ्रेमही बघतात. हे महत्त्वाचं, कारण कॅमेरा जरासा हलतो तेव्हा शेजारच्या फ्रेममध्ये त्याच वस्तूचा थोडा वेगळा, पण खरा तपशील असतो. व्हिडिओत खरोखर काही परत मिळतं ते इथेच. फुकटात व्हिडिओ-टू-एक्स आहे. त्यात रिअल-ईएसआरगॅन एकेक फ्रेम सुटी सुधारतं, त्यामुळे साडीचं पोत फ्रेमागणिक बदलून चुळबुळल्यासारखं दिसू शकतं. तरीही तीन मिनिटांसाठी करून बघण्यासारखं आहे. मोबाइलच्या ॲपवर किंवा अनोळखी वेबसाइटवर घरचं लग्न चढवायला मी तरी सांगणार नाही.

फोर-केचा हट्ट सोडा. १४४० बाय १०८० पर्यंतच न्या, उरलेलं टीव्ही स्वतः मोठं करून दाखवतो आणि मी तरी दोन्ही शेजारी लावून बघितलं तेव्हा ह्यापुढे फक्त खोटी धार वाढत गेली. फक्त व्हीसीडी असेल तर दुप्पट पुरे, त्यात मुख्य फायदा चौकोनी ठोकळे विरघळण्याचा.

वेळेचा अंदाज: तीन मिनिटं, सेकंदाला ५० फ्रेम, म्हणजे ९,००० फ्रेम. तुमचं ग्राफिक कार्ड सेकंदाला पाच फ्रेम करत असेल तर अर्धा तास. पूर्ण तीन तासांची कॅसेट त्याच वेगाने ३० तास घेईल. म्हणून आधी दहा सेकंदांचा तुकडा करा, ज्यात आजोबांचा चेहरा जवळून दिसतो असा. त्यावर सेटिंग पक्कं करा आणि मगच सगळं लावा.

आवाजाकडे लोकांचं लक्षच जात नाही. सनई आणि बँडच्या मागे आजोबा एखादं वाक्य बोलत असतील तर ते चित्रापेक्षा मोलाचं आहे. खरखर थोडी राहू द्या. पूर्ण काढायला गेलात तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो.

कच्चं कॅप्चर दोन ठिकाणी जपून ठेवा, कारण दोन-चार वर्षांनी आजच्यापेक्षा चांगली मॉडेलं येतील आणि तेव्हा पुन्हा मुळापासूनच करावं लागेल. सुधारलेल्या फाइलच्या नावातच 'एआय' लिहा, नाहीतर पुढच्या पिढीला मूळ कुठलं ते कळणार नाही.

आणि आईला दाखवण्याआधी चेहऱ्याचा तुकडा दोन प्रकारे करा, एक हलका, एक जरा जास्त सुधारलेला. कुठला कुठला ते न सांगता मामांना दोन्ही दाखवा. ते ज्याला बघून "हे बाबा" म्हणतील, त्याच सेटिंगवर बाकीचं करा.