व्हिडिओ आखूड कर, सराव वाढव

पुणे

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

भोसरी-चाकणच्या स्टोअरकीपर मंडळींसाठी तू केलेली एक्सेलच्या ऑनलाइन कोर्सची आखणी वाचली. मांडणी चोख आहे. पण सेकंड शिफ्ट करून रात्री अकरानंतर सुटणारा माणूस तासाभराचा व्हिडिओ कधी बघणार?

पहिल्या आठवड्यातली मेनू-बटणांची ओळख काढून टाक. आपलं कुठलं अडलेलं काम यातून सुटणार, हे मोठ्या माणसाला आधी दिसावं लागतं. प्रत्येकाला स्वतःच्या स्टोअरमधल्या 40-50 वस्तूंची यादी घ्यायला सांग (दर आणि पार्ट्यांची नावं वगळून) आणि किमान साठ्याखाली गेलेला माल पहिल्याच दिवशी शोधायला लाव. मेनू काम करता करता कळतात.

एका व्हिडिओत एकच गोष्ट, 6 मिनिटांच्या आत. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या कोर्सेसवर फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी 2014 साली केलेल्या अभ्यासात, व्हिडिओ कितीही लांब असला तरी निम्मी बघणारी मंडळी साधारण 6 मिनिटांच्या आतच थांबत होती.

खरी मेहनत सरावावर घे. व्हीलूकअप (यादीतून हव्या वस्तूचा दर शोधून आणणारं सूत्र) शिकवताना मुद्दाम बिघडलेली शीट दे. सूत्रात शेवटचं ‘फॉल्स’, म्हणजे तंतोतंत जुळणी हवी, हे लिहायचं राहिलं की एक्सेल अंदाजे जुळणी धरतं. यादी चढत्या क्रमाने नसेल तर अनेकदा एरर न दाखवता भलत्याच वस्तूचा दर आणून ठेवतं. ही चूक स्वतः शोधलेला माणूस ती विसरत नाही. दोन दिवसांनी, मग आठवड्याने, तोच सूत्रप्रकार नोट्स न बघता लिहायला सांग. ‘पुन्हा व्हिडिओच बघू दे’ अशी कुरकुर होईल, तरी ऐकू नकोस. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात लगेच घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून बघणारे पुढे गेले.

उत्तर तपासून 48 तासांत परत गेलं पाहिजे, आणि चूक ग्रुपवर नाही, ज्याची त्यालाच कळवायची. पंधरा वर्षं स्टोअर सांभाळलेल्या माणसाला चारचौघांत चुकलेलं दाखवलं की तो पुढच्या आठवड्यात येत नाही.

चौथा आणि आठवा आठवडा मागे पडलेल्यांसाठी मोकळा ठेव. गणपतीचे दहा दिवस आणि मार्चअखेरची स्टॉकमोजणी यांत नवा धडा नको.

व्हिडिओ मोबाइलवर चालतील, सराव नाही. एवढ्याशा पडद्यावर सूत्र लिहिताना कंस सुटतात. म्हणून प्रत्येक सराव जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर 20 मिनिटांत होईल एवढाच ठेव. पहिले तीन सराव तयार झाले की पाठव, घड्याळ लावून सोडवून बघू.

तुझे हितचिंतक