तुमचे प्रश्न: किनुयो तनाका नुसती हिरॉईनच होती का?

प्रश्न: जपानी डायरेक्टर मिझोगुचीच्या पिक्चरमध्ये किनुयो तनाका पाहिली, भन्नाट काम! ती डायरेक्टर पण होती म्हणे, खरंय का?

उत्तर: अगदी खरंय हो. १९०९ चा जन्म, मूकपटांपासून कामाला लागलेली बाई, स्टार म्हणून सगळं मिळालेलं, तरी चाळिशी उलटल्यावर कॅमेऱ्याच्या मागे गेली आणि १९५३ ते १९६२ मध्ये सहा पिक्चर केले. पहिला 'कोइबुमी' थेट कान फेस्टिव्हलला. गंमत बघा, ज्या मिझोगुचीकडे तिनं इतक्या अजरामर भूमिका केल्या तोच तिच्या डायरेक्शनला आडवा आला, आणि ओझू या आणखी एका जपानी डायरेक्टरनं मात्र तिच्या दुसऱ्या पिक्चरसाठी स्वतः सहलेखन केलेली स्क्रिप्ट दिली. (मिझोगुची ग्रेटच, पण इथं माझी सहानुभूती शून्य!)

पहिल्यांदा बघायचा तर १९५५ चा, ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या कवयित्री फुमिको नाकाजोवरचा बघा. रडकेपणा नाही, उलट बाईची इच्छा, राग, हट्ट सगळं उघड, त्या काळात हे म्हणजे कमालच.

अ‍ॅक्टिंग सोडली नाहीच, 'सांदाकान ८' साठी १९७५ ला बर्लिन फेस्टिव्हलमध्ये बेस्ट अ‍ॅक्ट्रेस, तेव्हा वय पासष्ट. सहाही पिक्चर आता रिस्टोअर झालेत.