चहा सोडू नकोस, वेळ बदल

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

जिममधला पोरगा चहा बंद कर म्हणतोय, करू का, असं विचारलंस. मुळीच नको. जानेवारीत निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर येतो, त्या दिवसांत सातपूरला पहिल्या पाळीला निघण्याआधी आलं ठेचून, गवती चहाची पात टाकून केलेला कप दोन्ही हातांत धर. बोटांचा गारठा आधी जातो, झोप नंतर. एवढं सुख फुकाचं घालवू नये.

तब्येतीला फायदा आहे, पण व्हॉट्सॲपवर सांगतात तेवढा नाही. ब्रिटनमधल्या सुमारे पाच लाख लोकांचा अभ्यास २०२२ साली आला. रोज दोन किंवा जास्त कप चहा पिणाऱ्यांत मृत्यूचा धोका थोडा कमी दिसला. तो चहामुळेच, असं मात्र त्यावरून म्हणता येत नाही. आणि दोन-दोन चमचे साखरेचे चार कप झाले की पस्तीस-चाळीस ग्रॅम साखर पोटात जाते, हे कोणी फॉरवर्ड करत नाही.

तुझी खरी अडचण वेगळीच आहे. हिमोग्लोबिन कमी आलंय आणि तू डबा संपवून लगेच कॅन्टीनच्या चहाला उभी राहतेस. मेथी-पालक, डाळी, नाचणी यांतलं लोह चहातल्या टॅनिनमुळे नीट अंगी लागत नाही. लोहाची गोळीही चहासोबत घेऊ नकोस. जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचं अंतर ठेव, भाजीवर लिंबू पिळ. लिंबाने लोह चांगलं शोषलं जातं.

दुसरं, उकळता चहा घशाखाली ढकलू नकोस. ६५ अंशांपेक्षा गरम पेयं सतत पिणं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये नोंदवलंय. दोष चहाचा नाही, चटक्याचा. पंचवटीतले म्हातारे बशीत ओतून, फुंकर मारून भुरके घेतात, त्यांना तुम्ही पोरं हसता. मला विचारशील तर त्यांचंच बरोबर आहे.

रात्रपाळीत पहाटे तीननंतर कप घेऊ नकोस. कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, मग खोलीवर येऊन आढ्याकडे बघत पडतेस. सुटल्यावर पोहे खा, झोप. चहा उठल्यावर टाक.

तुझा,
काका