फिटच्या गोळ्या आणि बाळाची चाहूल

प्रश्न : माझे वय २७ आहे. फिट येत असल्यामुळे मी सोडियम व्हॅल्प्रोएटच्या गोळ्या घेते आणि गेली चार वर्षे एकदाही फिट आलेली नाही. आता आम्हाला मूल हवे आहे. या गोळ्यांमुळे बाळात व्यंग येते असे ऐकले. सासूबाई म्हणतात, "दिवस राहिले की गोळ्या बंद कर." काय करावे?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : दिवस राहण्याआधी विचारलेत, हे फार चांगले केलेत. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. पाळी चुकून चाचणी होईपर्यंत त्यातले निम्मे दिवस सरलेले असतात. म्हणजे सासूबाईंचा सल्ला बाळासाठी उशिराचा आहे आणि तुमच्यासाठी धोक्याचा, कारण गोळी एकाएकी थांबवली तर लागोपाठ फिट येऊन जिवावर बेतू शकते.

तुमची भीती मात्र खरी आहे. एरवी शंभरातल्या दोन-तीन बाळांत मोठे जन्मजात व्यंग आढळते. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मातांच्या बाळांत हे प्रमाण दहाच्या आसपास जाते. शिवाय व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मातांच्या ३० ते ४० टक्के मुलांना बोलण्यात, शिकण्यात अडचणी येतात, आणि त्या कोणत्याही सोनोग्राफीत दिसत नाहीत. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरॅसिटॅम ही फिटवरची दुसरी औषधे याबाबतीत बरीच सुरक्षित ठरली आहेत. मात्र लॅमोट्रिजिनचा डोस घाईने वाढवल्यास अंगावर गंभीर पुरळ उठू शकते, म्हणून गोळी बदलण्याचे काम न्यूरोलॉजिस्टच्या (मेंदूविकारतज्ज्ञाच्या) देखरेखीखाली काही महिने चालतो, आणि तोवर गर्भनिरोधन आवश्यक आहे. गर्भारपणात लॅमोट्रिजिनची रक्तातील पातळी घसरते, त्यामुळे डोस वाढवावा लागतो आणि बाळंतपणानंतर पुन्हा उतरवावा लागतो. काही जणींची फिट व्हॅल्प्रोएटशिवाय आटोक्यात राहत नाही. तेव्हा शक्य तितका कमी डोस ठेवून पुढचा निर्णय डॉक्टरांशी सविस्तर बोलून घ्यावा लागतो.

फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व किती घ्यायचे तेही डॉक्टरांना विचारा. ते गर्भधारणेआधीच सुरू करायचे असते. डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांचे पाकीट सोबत ठेवा, कारण डायव्हॅल्प्रोएक्स असे छापलेले औषधही व्हॅल्प्रोएटच असते. आणि जमल्यास सासूबाईंनाही न्या. झोपमोड झाली की फिटची शक्यता वाढते. बाळंतपणानंतर रात्री बाळ सांभाळायला त्यांची मदत लागणारच आहे.