निवड चाचणी, जोडीदार आणि उडालेली झोप

कबड्डीच्या मंडळांतून येणाऱ्या पत्रांत गोंधळ सारखा तोच असतो, म्हणून आज सगळी एकत्र घेते. मुलाचं मुलावर प्रेम आहे असं कळलं की घरचे त्याला ओढत माझ्या दवाखान्यात आणतात. तोच मुलगा महिनाभर जेवत नसेल, झोपत नसेल, तर 'नाटकं करतो' म्हणून घरी ठेवतात. व्हायला हवं नेमकं उलटं.

प्रश्न : वय २४, गुहागर तालुका. मंडळात आम्ही दोघे मुख्य चढाईपटू. आमचं एकमेकांवर प्रेम आहे, कुणाला माहीत नाही. जिल्ह्याच्या निवड चाचणीत त्याला घेतलं, मला राखीव ठेवलं. मी त्याला मिठी मारली आणि त्याच रात्री त्याचा इतका राग आला की मीच घाबरलो. तेव्हापासून पहाटे तीनला जाग येते, जेवण जात नाही, चढाईचं नाव काढलं की छातीत धडधडतं. असलं प्रेम केल्यामुळेच हे झालं का?

उत्तर : नाही. ज्याच्यावर जीव आहे त्याचाच हेवा वाटला, यात आजार कसला? एका जागेसाठी दोघे झगडत असले की सख्ख्या भावांतही हे होतं. पण पहाटेची जाग, मेलेली भूक आणि आवडत्या खेळाचीच धास्ती दोन आठवड्यांहून जास्त टिकली असेल, तर नैराश्य आहे का हे तपासून घ्यायलाच हवं. सोबत थायरॉईड आणि हिमोग्लोबिनही बघू. वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडता का? तुम्ही लिहिलेलं नाही, पण विचारते, कारण चिडचिड आणि धडधड त्यानेही वाढते.

आणखी एक. सरावात आपली नजर कुठे जाते यावर लक्ष ठेवायचं, मोबाईल उलटा ठेवायचा, शिमग्याला आलेल्या चाकरमानी काकांनी 'लग्नाचं काय रे?' विचारलं की हसायचं. वर्षानुवर्षं असा स्वतःवर पहारा दिला की माणूस थकतोच. तुमचा बराचसा थकवा मला त्यातलाच वाटतो. राग आला होता हे त्याला सांगून टाका. समोरच्याचा पाय कुठे सरकतोय हे ओळखणारा माणूस आहे तो, त्याला बहुधा कळलेलंही असेल. घरी सांगायची घाई नको, विशेषतः पोट घरावर अवलंबून असेल तर. आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव काढलं की लोक कचरतात. बाह्यरुग्ण विभागात दाखवून संध्याकाळी घरी जाता येतं, भरती व्हावं लागत नाही.

प्रश्न : मुलाचं मुलावर प्रेम, हे संगतीने लागतं का? (मंडळाचा एक पदाधिकारी, दापोली)

उत्तर : नाही.

प्रश्न : माझा मुलगा २६ वर्षांचा, चांगला खेळाडू. संघातल्याच एका मुलाशी त्याचं तसलं नातं असल्याचं कळलं. मुंबईतलं एक केंद्र इंजेक्शनं आणि 'समुपदेशन पॅकेज' देऊन सहा महिन्यांत बदल घडवतो म्हणतं, निम्मे पैसे आगाऊ मागतं. गावात कुणी देवस्की (दैवी उपाय) करून घ्या म्हणतात. माझे दीर म्हणतात, मे महिन्यात लग्न लावून द्या, आपोआप सुटेल. काय करू? (एक आई, राजापूर)

उत्तर : ताई, पैसे देऊ नका. दिले असतील तर परत मागा.

समलैंगिकता आजारांच्या यादीतून जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली काढली. भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीर केलं, आणि त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. असा 'बदल' घडवण्याचे उपचार करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलेलं आहे. केंद्र चालवणारा डॉक्टर असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते. डॉक्टरच नसेल, तर इंजेक्शन कसलं देतोय? टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक असू शकतं. त्याने आवड बदलत नाही. शुक्रजंतू मात्र घटतात, म्हणजे लग्नासाठी टोचलेलं इंजेक्शन मूल होण्याच्याच आड येतं. शिवाय ते उत्तेजक म्हणून बंदी असलेलं आहे. तुमचा खेळाडू चाचणीत सापडला तर चार वर्षांपर्यंत मैदान बंद.

देवाला गाऱ्हाणं घाला, माझी हरकत नाही. पण अंगातलं काढतो म्हणून मारहाण किंवा मिरचीची धुरी झाली, तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली तो गुन्हा आहे.

आता लग्न. याविषयी मी दरवर्षी लिहिते आणि दरवर्षी एप्रिलमध्ये तीच पत्रं येतात. दीर म्हणतात, सुटेल. कोणाचं सुटेल? ती मुलगी कुठून तरी येईल, कणकवलीहून किंवा चिपळूणहून, तिच्या वडिलांनी बागेवर कर्ज काढलेलं असेल. तिला कुणी विचारलंय? डोकेदुखी, झोप नाही, अंग जड अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या काही बायकांच्या दुखण्याच्या मुळाशी हेच लग्न निघतं, आणि तोवर त्यांना सासरी 'पायगुण' चिकटलेला असतो. इकडे मुलगा दारूत. आजार नव्हता तिथे तुम्ही दोन आजारी तयार केलेत. जिला अंधारात ठेवून लग्न लावाल ती पुढे कोर्टातही जाऊ शकते. मे महिना, हॉल, वाजंत्री, सगळं पुढे ढकला. भेटीला या, पहिल्यांदा तुम्ही एकट्या. औषध लागेलच असं नाही, पण झोप तुमचीही गेलेली दिसते.

प्रश्न : दोघांतलं प्रकरण कळल्यावर एकाला संघातून काढू का? (प्रशिक्षक, कुडाळ)

उत्तर : सर, खेळ बिघडला म्हणून काढायचं तर खेळ बघून काढा. नवरा-बायकोंनी एकाच कार्यालयात नोकरी केली तर एकाला काढतात का? मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चाललेली थट्टा मात्र आजच बंद करा. कारण पुढचं पत्र वाचा.

प्रश्न : गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून मित्र मैदानावर येत नाही. ग्रुपवर त्याच्या आणि संघातल्या दुसऱ्या मुलाच्या नावाने काहीबाही फिरलं. परवा त्याने आपले बूट मला दिले, म्हणाला, 'माझ्यावाचून चालेल तुमचं.' पावसाळ्यानंतर घेऊन येऊ का? (मालवण)

उत्तर : पावसाळ्यानंतर? आज! पत्राची वाट बघू नये म्हणून तुम्हाला आधीच फोन केलाय, इथे छापते ते इतरांसाठी. लाडकी वस्तू देऊन टाकणं आणि असं बोलणं हा इशारा समजायचा. मरायचा विचार येतो का, हे त्याला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. एकटं सोडू नका. घरात आंब्याच्या फवारणीचं औषध असेल तर ते आधी दुसरीकडे हलवा. १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात घेऊन जा, त्याने नाही म्हटलं तरी.

प्रश्न : डॉक्टर घरी सांगतील का?

उत्तर : नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे गुप्तता हा तुमचा हक्क आहे. जिवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश असे मोजकेच अपवाद, आणि तेही गरजेपुरतेच.

प्रश्न : नैराश्याच्या गोळ्या घेतल्या तर डोप चाचणीत सापडेन का? सवय लागते असं जिममधले म्हणतात. (महिला खेळाडू, वेंगुर्ला)

उत्तर : नेहमीच्या नैराश्याच्या गोळ्या बंदीच्या यादीत नाहीत, आणि त्यांचं व्यसन लागत नाही. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, म्हणून स्पर्धेच्या आदल्या रात्री सुरू करू नका आणि मध्येच सोडूही नका. वजन उतरवायला लघवीच्या गोळ्या देतात, त्या मात्र यादीत आहेत. जिमवाला विकतो त्या डब्यात काय आहे ते त्यालाही माहीत नसतं. तपासायला याल तेव्हा खेळता हे आधी सांगा, आणि तो डबाही बरोबर आणा.