बारावीच्या तोंडावर कॉलेज बदलू का?

प्रश्न : सर, मी खेड्यातून रोज एसटीने तालुक्याच्या कॉलेजात जाते, अकरावी सायन्सला आहे. फिजिक्सची जागा रिकामी आहे. तासिका तत्त्वावर आलेले सर दिवाळीनंतर सोडून गेले आणि प्रयोगशाळेला तेव्हापासून कुलूप आहे. आत्या नागपूरला राहते, ती म्हणते बारावीला इकडेच ये. बाबा म्हणतात, मधातच कॉलेज बदललं तर इंजिनीअरिंगच्या अॅडमिशनला घोटाळा होईल. क्लासवाले म्हणतात, नाव तिथंच राहू द्या, पोरगी आमच्याकडे पाठवा. मी काय करू?
— एक विद्यार्थिनी, दारव्हा तालुका

उत्तर : पोरी, आधी बाबांची भीती. इंजिनीअरिंगची गुणवत्ता यादी एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतल्या पर्सेंटाइलवर, म्हणजे किती टक्के मुलं तुझ्या मागे आहेत त्यावर, लागते. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित मिळून खुल्या वर्गाला 45 टक्के, राखीव वर्गाला 40 टक्के लागतात. अकरावी एका कॉलेजात आणि बारावी दुसऱ्यात केली, म्हणून कोणाचा नंबर खाली जात नाही.

मात्र एक गोष्ट पोरांना कोणी सांगत नाही. तुझं गृह विद्यापीठ, म्हणजे प्रवेशाच्या वेळी तू ज्या विद्यापीठाची धरली जातेस ते, ठरतं बारावी कुठून पास झालीस त्यावर. यवतमाळ जिल्ह्यातून झालीस तर संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ, नागपुरातून झालीस तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ. बऱ्याच इंजिनीअरिंग कॉलेजांत जागांचा मोठा वाटा गृह विद्यापीठाच्या मुलांकडे जातो. पुढं नागपुरातच शिकायचं असेल तर हा बदल तुझ्या फायद्याचा आहे. मन अमरावती-शेगावकडे असेल तर घरच्यांसोबत बसून हे नीट बोला.

दुसरं, यवतमाळ अमरावती बोर्डात येतं आणि नागपूरचं बोर्ड वेगळं. म्हणजे टीसीसोबत परवानगीचाही कागद आला. मी 31 वर्षं फिजिक्स शिकवलं. एका वर्षी आमच्याकडे एक मुलगा सोयाबीनची सोंगणी सुरू असताना बदली होऊन आला. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिले, बारावीच्या परीक्षेचे फॉर्म भरून झाले तरी त्याचं नाव यादीत नव्हतं. त्याचे वडील वेचणी टाकून तीनदा बोर्डात गेले. शेवटी हॉल तिकीट मिळालं, पण जे दोन महिने अभ्यासाचे होते ते त्या पोराने काळजीत काढले. तो चेहरा माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. म्हणून सांगतो, अकरावीचा निकाल हाती आला की लगेच हाल. विदर्भात कॉलेजं जूनच्या शेवटी उघडतात, त्याआधी टीसी, गुणपत्रक आणि परवानगी फाइलला लागलेली पाहिजे. राखीव वर्गातली असशील तर जात पडताळणीच्या अर्जाला बारावीच्या कॉलेजचं पत्र लागतं, तेही पहिल्याच महिन्यात माग.

क्लासवाल्यांचं अजिबात ऐकू नको. नाव एकीकडे, पोरगी दुसरीकडे, यात सगळ्यात जास्त नुकसान तुझं आहे. फिजिक्सला 70 गुण लेखीचे आणि 30 प्रॅक्टिकलचे. व्हर्निअर, म्हणजे बारीक लांबी मोजायचं साधन, हातात धरून त्याची शून्यत्रुटी काढायला पहिल्यांदा पंधरा मिनिटं लागतात, दहाव्यांदा एक मिनिट. कोणाची तरी जर्नल उतरवून हे येत नाही बेटा. पुढं इंजिनीअरिंगच्या पहिल्याच वर्षी ते उघडं पडतं.

तू नागपूरला जावं असं माझं मत आहे, पण आत्याच्या घराजवळचं कॉलेज स्वतः पाहून ये. ऑफिसात फीबद्दल विचारण्याआधी प्रयोगशाळा दाखवा म्हण. टेबलावर वायरी, बॅटऱ्या, मीटरब्रिज मांडलेले दिसले आणि फिजिक्सच्या शिक्षकांशी पाच मिनिटं बोलता आलं, तर नाव घाल. तिथंही कुलूपच असेल, तर रोज आईजवळ जेवून आपल्याच कॉलेजात बारावी कर आणि फिजिक्सपुरती शिकवणी लाव.

बाबांना आणखी एक सांग. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र सरकारी कॅप फेरीतून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झालेला असावा लागतो.

आणि कॉलेज कोणतंही असो, सीईटीत सुमारे 20 टक्के प्रश्न अकरावीचे येतात. दिवाळीनंतर शिकवायचं राहून गेलेलं फिजिक्स या उन्हाळ्यात उरकून घे. कोणता धडा अडला ते मला लिही, मी उत्तर पाठवीन.