परदेशात आपत्ती आली तर बचाव पथकाने आधी आपल्याच नागरिकांना वाचवावं का?

ढिगाऱ्याखाली माणूस अडकला असेल, तर नाही. तिथे पासपोर्ट पाहायचाच नाही. जो जिवंत आहे आणि ज्याच्यापर्यंत लवकर पोचता येईल, तो आधी.

फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला. 'ऑपरेशन दोस्त'मध्ये आपलं एनडीआरएफ गेलं आणि गाझियानतेपकडे एका सहा वर्षांच्या तुर्की मुलीला जिवंत काढलं. 'इथे भारतीय किती?' असं विचारत बसले असते तर? शिवाय कुठल्या भागात काम करायचं हे यजमान देशाचं प्रशासन ठरवतं. पाहुण्या पथकाने स्वतःची यादी घेऊन फिरायचं नसतं.

लोकांना देशाबाहेर काढणं मात्र वेगळं. विमान आपण पाठवलं, तर आपल्या माणसांना आधी बसवणं हे सरकारचं कर्तव्यच, त्यात स्वार्थ नाही. तरी २०१५ मध्ये येमेनमधून भारताने सुमारे ४,६४० भारतीयांसोबत ४१ देशांचे ९६० नागरिकही आणले. मला हेच बरोबर वाटतं.

आम्ही वैनगंगेकाठचे. ऑगस्ट २०२० च्या पुराने भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरची गावं वेढली होती. अशा वेळी डोंगेवाल्याने गाव-जात विचारून माणूस चढवला, तर आपण त्याला माफ करू का? म्हातारी, लेकुरवाळी, आजारी आधी. नेपाळात किंवा तुर्कस्तानात आपलं पथक गेलं, तरी हाच क्रम हवा.